उजनीच्या खाली राहणारे आपण

जूनचा दुसरा आठवडा लागला की सोलापुरात गप्पांची सुरुवात एकाच प्रश्नाने होते. उजनी, म्हणजे भीमेवरचं आमचं धरण, किती झाली? भाजी घेताना, रिक्षात, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत. उत्तरही प्रत्येकाकडे तयार असतं. "मायनस अठरा." "काल मायनस बावीस होती की!" मग कोणीतरी सांगतं, पुण्यात बंडगार्डनला नदीचं पाणी वाढलंय, दौंडचा विसर्गही वाढलाय, म्हणजे परवापर्यंत प्लसमध्ये येईल. इथे पाऊस पडो न पडो, पुण्याच्या घाटमाथ्यावर पडला की आमचा जीव भांड्यात पडतो. नळाला काही दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात दुसरं काय होणार?

बाहेरगावच्या माणसाला हे मायनस-प्लस पटकन कळत नाही. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. या ११७ पैकी साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा आणि उरलेला साडेत्रेसष्टच्या आसपास मृतसाठा. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त पाणी संपलं, धरण कोरडं पडलं असं नाही. त्यानंतर मृतसाठ्यातलं पाणी कमी व्हायला लागलं की आकडा मायनसमध्ये जातो. पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा उपयुक्त साठा एकत्र केला तरी २९ टीएमसीच्या आसपास भरतो. उजनीचा नुसता मृतसाठा त्याच्या दुप्पट आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांपर्यंत खाली गेलं, पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याबाहेर आलं, लोक गाड्या काढून बघायला गेले. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यासाठी ती सहल नव्हती. आपल्या घराचा चौथरा शोधत चिखलात फिरणारी म्हातारी माणसं तिथे मी पाहिली आहेत.

हे आकडे मी लहानपणापासून ऐकत आले. पण ज्या भिंतीमागे हे पाणी उभं आहे, तिच्याविषयीचा एकही आकडा माझ्या कानावर पडलेला नव्हता. पाणी किती हे आम्हाला रोज कळतं. ते अडवणारं बांधकाम कसं आहे, ते कोण तपासतं, तपासून काय म्हणतं, हे विचारायची आम्हाला सवयच नाही. या लेखात मला त्याबद्दल बोलायचं आहे, कारण भीमेच्या काठाला माझं आजोळ आहे.

टेंभुर्णीच्या अलीकडे, भीमानगरला, पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाताना धरण दिसतं. अडीच किलोमीटरहून थोडी जास्त लांबी, पायापासून ५६.४ मीटर उंची. मधला सांडव्याचा, म्हणजे जास्तीचं पाणी सोडायचा, भाग पक्क्या बांधकामाचा, दोन्ही अंगांना मातीचा भराव. सांडव्यावर ४१ वक्राकार दरवाजे, प्रत्येक १२ मीटर रुंद आणि साडेसहा मीटर उंच. १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. पायथ्याशी १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. त्यातलं यंत्र दोन्ही दिशांनी चालेल असं बसवलेलं: वरून पाणी सोडलं तर वीज तयार करायची आणि ग्रीडमध्ये वीज शिल्लक असेल तेव्हा खालचं पाणी पंपासारखं परत वर ढकलायचं. पैठणला जायकवाडीवर अशीच १२ मेगावॅटची सोय आहे. या बारा मेगावॅटवर सोलापूर चालत नाही हे खरं. पण सोलापूरजवळचं एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्रही पाणी उजनीचंच पितं. शहर, ऊस, साखर कारखाने, वीज, सगळ्यांची नाळ या एका भिंतीला बांधलेली आहे.

आता वर्गवारीकडे येते. धरणांच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या वर्गवाऱ्या असतात आणि आपण त्या हमखास एकमेकींत मिसळतो. पहिली प्रकृतीची. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा धरणाची तपासणी होते. तीत सापडलेल्या त्रुटींवरून तीन श्रेणी लावतात. पहिल्या श्रेणीत धरण फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकेल अशा गंभीर त्रुटी, दुसरीत मोठ्या पण दुरुस्त होणाऱ्या आणि लगेच हात घालावा लागणाऱ्या, तिसरीत किरकोळ किंवा काहीच नाही. दुसरी वर्गवारी धोक्याची. हे धरण फुटलंच तर खाली काय होईल, एवढाच प्रश्न तीत विचारला जातो. किती माणसं, किती मालमत्ता, पर्यावरणाचं काय, देवळं-घाट-वारसा यांचं काय. त्यावरून सर्वांत कमी हानीपासून सर्वांत जास्त हानीपर्यंत चार पायऱ्या केंद्रीय जल आयोगाने ठरवून दिल्या आहेत.

या दुसऱ्या वर्गवारीत धरण धडधाकट आहे की जर्जर, याचा विचारच नसतो. घाटातला रस्ता कितीही चांगला बांधला तरी दरी तेवढीच खोल राहते, तसं हे आहे. आणि धोक्याचा हा वर्ग आपोआप वरही सरकतो. धरणाचा एक दगडही हलत नाही, पण खाली नदीपात्राला लागून प्लॉट पडतात, मंगल कार्यालयं येतात, वस्त्या वाढतात. कमी धोक्याच्या वर्गात बांधलेलं धरण वीस वर्षांनी जास्त धोक्याचं ठरतं, आणि ते तसं करणारे आपण असतो. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्ही रेषांच्या मधे नियंत्रित. त्या रेषा नकाशावर आहेत. जमिनीवर मात्र त्या रेषांच्या आत टॉवेल वाळत घातलेल्या गच्च्या दिसतात.

उजनीखाली पंढरपूर आहे. हा हिशोब मांडताना मला नेहमी वाटतं, पंढरपूरची माणसं मोजायची कोणत्या दिवशीची? जनगणनेतल्या पंढरपूरची लोकसंख्या एक, आणि एकादशीच्या पंढरपूरची अनेक पटींनी मोठी. आषाढीला धरण सहसा तळाला असतं, उलट चंद्रभागेत स्नानापुरतं पाणी असावं म्हणून उजनीतून पाणी सोडावं लागतं. कार्तिकीचं गणित उलटं. तेव्हा पावसाळा नुकताच संपलेला, धरण काठोकाठ, आणि वाळवंटात राहुट्या टाकून लाखो माणसं झोपलेली. धोक्याच्या नकाशावर ही माणसं यायलाच हवीत. मला ही गोष्ट टक्केवारीपेक्षा मोठी वाटते.

भरलेलं धरण आणि उशिरा आलेला पाऊस एकत्र आले की काय होतं, हे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आपण पाहिलं. बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा थेट सोलापूरवरून गेला. पंढरपुरात कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. उजनी आधीच भरलेली, त्यामुळे आलेलं पाणी पोटात घ्यायला जागाच नव्हती. विसर्ग दोन लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला दोन लाख घनफुटांच्या, वर गेला. साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. यावरून त्या दिवसांत नदीतून काय वाहून गेलं असेल याचा अंदाज येतो.

त्या वेळी मी आजोळी होते. मंगळवेढा तालुक्यातलं नदीकाठचं गाव. मोबाइलवर प्रशासनाचा सतर्कतेचा संदेश आला, त्याच्याही आधी मामा उठून बसले होते. "आरं, वीरचं बी सुटलंय म्हणं. चला, मोटारी वर घ्या," म्हणाले. भीमेला नीरा मिळते ती उजनीच्या खाली, नरसिंहपूरला. म्हणून पुराच्या दिवसांत भीमाकाठ दोन धरणांकडे कान लावून असतो, उजनी आणि नीरेवरचं वीर. दोघांनी एकाच वेळी सोडलं की पंढरपूरच्या खाली नदीला धरबंध राहत नाही. नदीतून पाणी उपसणाऱ्या मोटारी काढायला बॅटरीच्या उजेडात अख्खी भावकी काठावर जमली. आधी स्टार्टरच्या पेटीतून वायर सोडवायच्या, मग फूटव्हॉल्व्हचा पाइप कापायचा, मग चिखलात रुतलेली मोटार पहारीने हलवून दोराने ट्रॅक्टरला बांधायची. पाणी आधी काठावरच्या लव्हाळ्यापर्यंत होतं. तिसरी मोटार वर येईस्तोवर ते विजेच्या खांबाच्या बुडाशी आलं. मामांनी खांबावर खडूने एक रेघ मारली आणि दर थोड्या वेळाने ते ती रेघ बघून येत होते. गावातल्या कोणालाही, मामांनासुद्धा, हे पाणी आणखी किती चढणार आणि कधी थांबणार हे कोणी सांगितलं नव्हतं. आकडा होता, क्युसेकमध्ये. पण अमुक क्युसेक म्हणजे आमच्या वेशीपर्यंत की मारुतीच्या पारापर्यंत, हे त्या आकड्यातून कळत नव्हतं.

आणि हा नुसता सोडलेल्या पाण्याचा पूर. धरण फुटलेलं नव्हतं, धरणाने आपलं काम चोख केलं होतं.

धरण चोख राहावं यासाठी काय लागतं, हे मला शिकवलं ते ओळखीतल्या एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी. मी त्यांना काका म्हणते. ते मला आमच्याच भागातल्या एका मध्यम प्रकल्पाच्या भरावाखाली घेऊन गेले. वरून बघितलं तर हिरवंगार, छान. काका म्हणाले, "हे हिरवं बघूनच माझ्या पोटात गोळा येतो." मातीच्या भरावावर वेड्या बाभळी माजल्या होत्या. बाभूळ जिवंत असताना मूळ आत शिरतं, झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी पाण्याला वाट तयार होते. घुशींची बिळंही तसलाच घोळ करतात. पाण्याच्या बाजूचं दगडी पिचिंग, म्हणजे भरावावर रचलेलं दगडांचं अस्तर, काही ठिकाणी गायब होतं, दगड कोणीतरी घरबांधणीला नेले असावेत. भरावाच्या पायथ्याशी एक सिमेंटची बारीक नाली, आणि तिच्यात लोखंडी पत्र्याला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. पाझरून आलेलं पाणी त्या खाचेतून पडतं, खाचेतली पाण्याची उंची मोजली की किती झिरपतंय ते कळतं. आम्ही गेलो तेव्हा खाच पालापाचोळ्याने बुजलेली होती. काकांनी खाली बसून हाताने कचरा काढला, पाणी वाहू दिलं, ओंजळीत घेऊन उजेडात धरलं. "धरण झिरपणारच. सगळी झिरपतात. पाणी नितळ आहे ना, मग बरंय. गढूळ आलं तर समजायचं, आतली माती निघायला लागली. मग रात्रीची झोप सोडायची." त्यांच्या ओंजळीतलं पाणी नितळ होतं.

आपला जिल्हा तलावांचा आहे. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ चा, म्हणजे दीडशे वर्षं उलटून गेलेला. अशा जुन्या-नव्या मातीच्या भरावांची महाराष्ट्रात कमी नाही. देशातल्या सहा हजारांहून अधिक मोठ्या धरणांपैकी दोन हजारांहून जास्त एकट्या आपल्या राज्यात आहेत. उजनीकडे निदान सगळ्यांचं लक्ष असतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, त्याआधी ते नाव कोकणाबाहेर किती जणांनी ऐकलं होतं?

फुटलेल्या धरणांच्या कहाण्या वाचल्या की कारणं फार थोडी निघतात. मातीचं धरण पाणी वरून गेलं की टिकत नाही. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मच्छू-२ फुटून मोरबी शहर वाहून गेलं, ते असंच. सांडवा जेवढ्या पुरासाठी बांधला होता त्याच्या जवळपास तिप्पट पूर आला. म्हणून धरणाच्या आकाराप्रमाणे किती मोठ्या पुराला ते पुरलं पाहिजे हे भारतीय मानकात ठरवून दिलं आहे. लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरायचा. ६ कोटी घनमीटरच्या वर साठा किंवा ३० मीटरच्या वर पाण्याचा दाब असेल तर त्या खोऱ्यात निसर्गाला शक्य असलेला सर्वांत मोठा पूर. उजनी या दुसऱ्या गटातली. तिच्या वरच्या अंगाला भीमा खोऱ्यातली पुणे जिल्ह्यातली धरणं ओळीने उभी आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्याच लोंढ्याने खडकवासलाही गेलं. तेव्हा खाली उजनी नव्हती. आज तशी वेळ आली तर ते पाणी उजनीच्या दारात येईल, हा विचार उजनीच्या हिशोबात धरावाच लागतो.

भूकंपाचंही तसंच. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, असं आम्हाला भूगोलात शिकवलं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने पहिला धक्का दिला, धरणाला तडे गेले, भिंत मजबूत करावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारी झालं. त्या रात्री सोलापूरही हादरलं, आम्ही पोरंटोरं उजाडेपर्यंत गल्लीत बसून होतो. त्या वेळच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशातून ते पहिलं क्षेत्रच काढून टाकण्यात आलं. वर्ग एकदा लावला म्हणजे झालं, असं नसतं.

दरवाजांचं सगळ्यात कमी बोललं जातं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होस्पेटजवळच्या तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि अख्खा दरवाजा वाहून गेला. धरण शाबूत होतं, पण दाब कमी करण्यासाठी दुसरे दरवाजे उघडून पाणी सोडावं लागलं. अमेरिकेत फॉल्सम धरणाचा वक्राकार दरवाजा १९९५ मध्ये मोडला, कारण तो ज्या खिळीवर फिरतो तिथलं घर्षण वाढत गेलं होतं. उजनीचेही दरवाजे वक्राकार आहेत, असे एकेचाळीस. प्रत्येकाला दोन्ही अंगांना फिरायच्या खिळी, कडेला रबरी सील, वर उचलायची यंत्रणा. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस लागतं, रंग लागतो, चालवून बघावं लागतं. पायथ्याशी वीज तयार होते म्हणून वादळाच्या रात्री दरवाजा उचलायला वीज मिळेलच असं नसतं. जनरेटर लागतो, त्यात डिझेल लागतं, आणि तेही नसेल तर हाताने फिरवायची सोय लागते. ही कामं करणाऱ्या माणसांची नावं कोणाला ठाऊक नसतात. भर पावसात रात्री सांडव्यावर उभी राहणारी ती माणसं मला या जिल्ह्यातली फार मोठी माणसं वाटतात.

त्यांच्यावर आपलाही दबाव असतो, हे मात्र मान्य केलं पाहिजे. आपल्याला धरण लवकर भरलेलं हवं. शंभर टक्के झाली की पेढे वाटतो, आमदार-खासदार जलपूजन करतात, पुढे एकशे दहा टक्क्यांपर्यंत साठा नेला की आणखी आनंद. शंभर टक्के ही ठरवलेली पूर्ण पातळी. भिंत तिच्याही वर आहे, म्हणून एकशे दहा शक्य होतं. दुष्काळी मुलखात ही ओढ खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण पुराला जागा ठेवायची तर पावसाळा असेपर्यंत धरण थोडं रिकामं ठेवावं लागतं, आणि कोणत्या तारखेला किती साठा असावा याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. ऑगस्टमध्ये त्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी सोडलं की "आमचं पाणी कर्नाटकाला सोडलं" अशी ओरड होते. न सोडता ठेवलं आणि सप्टेंबरअखेर पूर आला की "आधी का नाही सोडलं" अशी. दोन्ही ओरडी एकाच गावातून येतात, कधी एकाच घरातून.

३० डिसेंबर २०२१ पासून देशात धरण सुरक्षा कायदा लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरचीसुद्धा, त्याच्या कक्षेत येतात. प्रत्येक धरणाचं स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन आणि धरणावर संकट आलं तर काय करायचं याचा आपत्कालीन कृती आराखडा, यांना कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे ३० डिसेंबर २०२६. असा आराखडा नीट केला तर त्यात खालच्या गावागावात पाणी किती तासांत पोचेल, कुठवर चढेल, माणसांनी कोणत्या रस्त्याने कुठे जायचं, हे लिहिलेलं असतं. मामांना त्या रात्री खांबावरच्या खडूच्या रेघेवरून जे शोधावं लागलं, ते आधीच मोजून कागदावर आलेलं असतं. तो कागद कार्यालयाच्या कपाटात राहून उपयोग नाही.

मामांशी बोलून आम्ही ग्रामपंचायतीसाठी एक अर्ज लिहिला आहे. तीन मागण्या आहेत. आमच्या गावाची पूररेषा गावातल्या खुणांसकट फलकावर रंगवावी, म्हणजे शाळेची पायरी, पार, स्मशानभूमी. अमुक क्युसेकला पाणी कुठे येईल याचा तक्ता त्याच फलकावर असावा. आणि पावसाळ्याआधी एकदा गावाने उंचावर जायचा सराव करावा. मामांनी अर्जावर पहिली सही केली, खाली आणखी सह्यांसाठी जागा सोडली आणि म्हणाले, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा राहून वाचतो.